विधानार्थी वाक्य ओळखायचं कसं आणि लिहायचं कसं, इंदूरच्या मराठी घरांसाठी

मी राजेंद्र नगरला राहते आणि रविवारी सकाळी घरीच गल्लीतल्या पाच-सात मुलांना मराठी शिकवते. मागच्या महिन्यात व्याकरण काढलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, विधान म्हणजे काय? एक मुलगी म्हणाली "भोपाळला असतं ते", आणि तिच्या शेजारचा म्हणाला "पूजेत असतं, विधि-विधान". दोघं इथेच जन्मलेली, शाळेत हिंदी आणि इंग्लिश, मराठी घरात आजीशी आणि गणपतीच्या दहा दिवसांत, आणि मला ती दोन्ही उत्तरं मनापासून आवडली कारण दोन्ही बरोबर होती, फक्त तिसरं उत्तर राहिलं होतं. ते तिसरं म्हणजे व्याकरणातलं विधान. ज्यांच्या घरी मूल मराठी व्याकरणाला नुकतं लागलंय, किंवा ज्यांना स्वतःलाच शाळेत हे कधी नीट कळलं नाही, त्यांच्यासाठी मी ज्या क्रमाने शिकवते त्याच क्रमाने इथे लिहितेय.

सुरुवात शब्दापासून करा, व्याख्येपासून नको. संस्कृतात धा हा धातू आहे, म्हणजे ठेवणे, आणि त्याला वि लागला की नेमून ठेवणे, मांडणे. पूजेचं विधान म्हणजे आधी काय नंतर काय ते लावून दिलेलं, विधानसभा म्हणजे जिथे कायदे मांडतात आणि करतात ती सभा (आपल्याकडे लोक "विधानसभा दोन नंबर" म्हणतात तेव्हा तो मतदारसंघ असतो, आणि इंदूर जिल्ह्यात असे ९ आहेत), संविधान, विधेयक, विधाता ही सगळी त्याच घरातली भावंडं. तसंच व्याकरणात कुणाबद्दल किंवा कशाबद्दल तरी काहीतरी मांडलं की ते विधान. आणि ज्या वाक्याचं काम असं मांडणं हेच आहे ते विधानार्थी वाक्य. एवढं मुलाच्या डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

पहिली पायरी: वाक्याचे दोन तुकडे करा

कुठलंही सोपं वाक्य घ्या. राजवाडा सात मजली आहे. आता विचारा, बोलणं कोणाबद्दल चाललंय? राजवाड्याबद्दल. हे उद्देश्य. आणि त्याच्याबद्दल सांगितलं काय? सात मजली आहे. हे विधेय, म्हणजे जे मांडलं ते. मी मुलांना पेन्सिलने मधे उभी रेघ मारायला लावते. राजवाडा | सात मजली आहे. आजी | देवळात गेली. नळाला आज सकाळी सहा वाजता नर्मदेचं पाणी आलं, इथे मुलं गोंधळतात कारण उद्देश्य मागे जाऊन बसलंय, पण "आलं काय?" विचारलं की पाणी सापडतं आणि मग बाकीचं सगळं, नळाला, सकाळी, सहा वाजता, हे विधेयाकडे जातं. नर्मदेचं हा शब्द मात्र पाण्याबरोबर जायचा, तो त्याचाच आहे.

इथेच अजून एक शब्द भेटतो तो सांगून टाकते, कारण पुस्तकात अचानक येतो आणि मूल घाबरतं. "मल्हारराव झाले" एवढंच म्हटलं तर आपण विचारतो, काय झाले? म्हणजे विधान अर्धवट राहिलं. "मल्हारराव सुभेदार झाले" म्हटलं की पुरं झालं. तर सुभेदार हा शब्द विधानपूरक, विधान पुरं करणारा, आणि झाले हे अपूर्ण विधान क्रियापद. नाव मोठं आहे, गोष्ट एवढीशी आहे.

दुसरी पायरी: "खरं का?" लावून बघा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे आणि मोठ्यांनाही उपयोगी पडते. वाक्य म्हणा आणि त्याच्या पाठोपाठ विचारा, "खरं का?" जर तो प्रश्न नीट लागला तर वाक्य विधानार्थी. थंडीत सराफ्यात गराडू मिळतात. खरं का? हो, लागला. सराफ्यात काय मिळतं? खरं का? नाही लागत, कारण अजून काही मांडलंच नाहीये. सराफ्यात चल. खरं का? नाही लागत. अबब, केवढी ही गर्दी! इथेही चिकटत नाही, तो मनातून निघालेला उद्गार आहे.

आता एक गंमत मुलांना नक्की करून दाखवा. इंदूर समुद्रकाठी आहे. खरं का? साफ खोटं. पण विधान आहे का? आहे! खोटं वाक्यसुद्धा विधानार्थीच असतं, कारण खरं-खोटं ठरवता येण्यासारखं काहीतरी त्याने मांडलंय. आमच्याकडे एक मुलगा हट्टच धरून बसला की खोटं असेल तर ते विधान कसं, मग मी त्याला म्हटलं, तू ते खोटं आहे असं कशाला म्हणतोस, "सराफ्यात चल" याला खोटं म्हणून दाखव बघू. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि मग त्याचं त्यालाच कळलं. मत असलं तरी तेच. भुट्ट्याचा कीस गरमच चांगला लागतो, यावर कुणी "खरं नाही" म्हणू शकतो ना, मग झालं. उद्या पाऊस पडेल, कदाचित मामा येतील, ही पण विधानंच, अजून घडली नसली तरी.

तिसरी पायरी: हिंदीच्या वहीतलं वर्गीकरण इथे आणू नका

इंदूर, देवास, उज्जैन इकडच्या मुलांची सगळ्यात जास्त गडबड इथे होते म्हणून जरा थांबून सांगते. हिंदीच्या पुस्तकात अर्थावरून वाक्याचे आठ प्रकार शिकवतात, विधानवाचक, निषेधवाचक, प्रश्नवाचक, आज्ञावाचक, इच्छावाचक, संदेहवाचक, विस्मयवाचक आणि संकेतवाचक. त्यात नहीं आलं की वाक्य निषेधवाचक, शायद आलं की संदेहवाचक, म्हणजे विधानवाचकच्या डब्याबाहेर. मराठीत तसं नाही. मराठीत विधानार्थी हा मोठा डबा आहे आणि त्यात होकारार्थी आणि नकारार्थी असे दोन कप्पे. त्याच भोपाळवाल्या मुलीने वहीत लिहून आणलं, "विधानसभा इंदूरला नाही", आणि पुढे लिहिलं निषेधवाचक. मी म्हटलं खरं का लावून बघ. लावलं, बरोबर लागलं. मग तिने निषेधवाचक खोडून विधानार्थी, नकारार्थी असं लिहिलं. इंग्लिशच्या तासाला जे असर्टिव्ह किंवा डिक्लेरेटिव्ह शिकवतात त्याच्याशी मराठीचं जुळतं, तिथेही नकार आतच असतो, हे सांगितलं की इंग्लिश मीडियमच्या मुलांना पटकन समजतं.

नकार बनवायचा कसा, हेही इथेच घोटून घ्या कारण हिंदीत बहुतेक ठिकाणी एक नहीं चालून जातं आणि मराठीत नाही चालत. आहे चं नाही, होतं चं नव्हतं, येतो चं येत नाही, आला चं आला नाही, येईन चं येणार नाही, पाहिजे चं नको, यावं चं येऊ नये. मोठ्याने म्हणायला लावा, पाढ्यासारखं. मैं नहीं आऊँगा वरून मुलं सरळ "मी नाही येईन" म्हणतात, ते ऐकताना कानाला खडा लागतो पण रागावू नका, त्यांनी हिंदीचा नियम अगदी शिस्तीत लावलेला असतो. आणि जागा पण बघा, मराठीत साधा नकार शेवटी येतो, मी जात नाही. "मी नाही जात" पण मराठीच आहे, पण त्यात हट्ट आहे, पाय आपटलेला ऐकू येतो. कुणी नुसतं विचारलं की रोज बागेत जातोस का, तर "मी नाही जात" म्हटल्यावर समोरच्याला वाटेल की हा रुसलाय.

चौथी पायरी: एका वाक्याला दोन नावं का असतात

यात परीक्षेचे मार्क जातात. प्रश्नात "अर्थावरून वाक्याचा प्रकार" विचारला तर उत्तर विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी यातलं. पण "क्रियापदाच्या रूपावरून" विचारलं तर डबेच वेगळे, स्वार्थी, आज्ञार्थी, विध्यर्थी, संकेतार्थी. स्वार्थी म्हटलं की मुलं हसतात, "मतलबी वाक्य?" नाही, स्व-अर्थी, म्हणजे क्रियापद फक्त स्वतःचा अर्थ आणि काळ सांगतंय, हुकूम नाही, इच्छा नाही, जर-तर नाही. आई पोहे करते, हे अर्थावरून विधानार्थी आणि क्रियापदावरून स्वार्थी. आई पोहे करते का? हे अर्थावरून प्रश्नार्थी झालं पण क्रियापद तेच आहे, त्यामुळे अजूनही स्वार्थीच. म्हणून स्वार्थी म्हणजे विधानार्थी असं समीकरण पाठ करू नका, ते पहिल्या प्रश्नाला टिकतं आणि दुसऱ्याला पडतं.

विध्यर्थी आणि विधानार्थी या दोन शब्दांची तर कायम सरमिसळ होते, दोन्ही वि-ध वाले. विध्यर्थी म्हणजे क्रियापदाला वा-वी-वे लागलेलं, करावं, जावं, पाळावी, यात कर्तव्य, इच्छा, शक्यता असं काहीतरी असतं. मुलांनी घरी मराठी बोलावं, हे विध्यर्थी. मुलं घरी मराठी बोलतात, हे स्वार्थी आणि विधानार्थी. पहिल्यात आपली इच्छा आहे, दुसऱ्यात घडतं ते सांगितलंय. संकेतार्थी सोपं आहे, जर-तर, पाऊस आला असता तर उकाडा कमी झाला असता. पुढे जाते.

पाचवी पायरी: आता लिहा, पण इंदुरी चुका बघून

ओळखणं जमलं की रोज पाच विधानं लिहायला लावा, घरातलीच, आज काय झालं ती. माझ्याकडच्या वह्यांमध्ये त्याच तीन-चार गोष्टी परत परत दिसतात.

एक म्हणजे लिंग. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे पानी आया वरून "पाणी आला", दही खट्टा हो गया वरून "दही आंबट झाला". मराठीत पाणी आलं, दही आंबट झालं. यावर मला एकच उपाय माहितीये, नवीन शब्द शिकवताना तो आणि ती आणि ते लावूनच शिकवा, ते पाणी, ते दही, ते पुस्तक, ती खुर्ची, तो रस्ता, मग क्रियापद आपोआप मागे येतं.

दुसरं म्हणजे ने. मैंने पोहे खाए चं "मीने पोहे खाल्ले". मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना इथे ने लागत नाही. मी पोहे खाल्ले, तू पोहे खाल्लेस, पण ताईने खाल्ले, दादाने खाल्ले. एवढा एक नियम फ्रिजवर चिकटवून ठेवला तरी दोन आठवड्यांत फरक पडतो.

तिसरं विरामचिन्ह. हिंदीत वाक्य संपलं की उभा दंड मारतात, मराठीत आपण टिंब देतो. इंग्रजी धर्तीची ही चिन्हं एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत रुजवली असं मानतात, आणि आता दंड आपल्याकडे आरत्या-श्लोकांच्या पुस्तकातच दिसतो. मुलाच्या मराठी वहीत दंड दिसला तर चूक म्हणून लाल करू नका, फक्त टिंब कुठे येतं ते दाखवा, हात आपोआप वळतो. पण विधानाच्या शेवटी टिंब पाहिजेच, ते का ते पुढच्या पायरीत कळेल.

चौथं जरा बारीक आहे. तो कुठे गेला ते मला माहीत नाही. यात कुठे आलंय म्हणून मुलं शेवटी प्रश्नचिन्ह ठोकतात, मोठी माणसंही ठोकतात. पण इथे मी काही विचारत नाहीये, मला माहीत नाही हे सांगतेय, म्हणजे विधान, म्हणजे टिंब. खरं का लावून बघा, लागतं. शब्द बघून प्रकार ठरवू नका, अख्खं वाक्य काय करतंय ते बघा.

सहावी पायरी: विधान दिसतं एक आणि काम करतं दुसरंच

हे पुस्तकात कमी असतं पण भाषा इथेच राहते, म्हणून मी यावर एक अख्खा रविवार घालवते.

आपण घरातून निघताना काय म्हणतो? "येतो हं." रूप विधानाचं, म्हणणं येण्याचं, आणि माणूस तर जातोय. जातो म्हणणं चांगलं नाही असं आपल्याकडे मानतात म्हणून परत येण्याचंच विधान करून निघायचं. माझ्याकडच्या एका मुलाला, ज्याच्या घरी आता फक्त आजोबाच मराठी बोलतात, हे माहीतच नव्हतं, आजोबा येतो म्हणाले की तो दाराकडे बघायचा की आत्ता तर चालले, येतात कुठून. नारळ फोडला न म्हणता वाढवला म्हणतो, तेही तसंच.

सासूबाई खोलीतून म्हणतात, "दार उघडं राहिलंय." विधान आहे, पण मी उठून दार लावते. "गॅसवर दूध आहे" म्हटलं की कुणीतरी पळतं. आज्ञा शब्दात नाहीये पण पोचलीये, आणि मराठी घरात मोठ्या माणसांना किंवा पाहुण्यांना काही सांगायचं तर बरेचदा असंच सांगतात, थेट "लावा" न म्हणता. मुलांना हे शिकवणं म्हणजे वागणं शिकवणं पण आहे.

आणि आता टिंबाची गोष्ट. बोलताना आवाज वर गेला की विधानाचा प्रश्न होतो, तू जेवलीस. तू जेवलीस? शब्द तेच. लिहिताना आवाज नसतो, त्यामुळे ते एवढंसं चिन्हच सगळं काम करतं. मोबाईलवर कुणी चिन्ह देत नाही. पण माझा जास्त जीव ज्यात अडकलाय ती गोष्ट चिन्हाची नाही, शब्द निवडण्याची आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने सकाळी सात वाजता घरच्या ग्रुपवर टाकलं, "आजोबा गेले". ती तेव्हा अकरावीत, घरात सगळं बोलणं हिंदीत, तिच्या मनात होतं दादाजी चले गए, म्हणजे उज्जैनच्या बसने गेले. मी चहाचा कप हातात धरून उभी, देवासहून बहिणीचा फोन आला तो रडतच, दहा मिनिटं कुणाला काही सुचेना. आजोबा तेव्हा बसमध्ये खिडकीशी बसले होते. मराठीत नुसतं गेले म्हटलं, कुठे ते नाही सांगितलं, आणि माणूस म्हातारा असला तर त्या विधानाचा अर्थ वेगळा होतो, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि मला त्याची अजून चुटपुट आहे. आता ती लिहिते, "आजोबा उज्जैनला निघाले, साडेनऊपर्यंत पोचतील." पोरांना हे वाक्य नक्की शिकवा. निघाले म्हणायचं, आणि कुठे तेही लिहायचं.

सातवी पायरी: रूपांतर

दुसऱ्या प्रकारच्या वाक्याचं विधान करायचं, अर्थ न बदलता. उद्गार सोपा, किती सुंदर आहे हा घाट! याचं, हा घाट खूप सुंदर आहे. उद्गारचिन्ह जातं, किती च्या जागी खूप किंवा फार येतं. प्रश्नाचं जरा डोकं लावून, कारण उत्तर ज्यात लपलंय असा प्रश्न विधान होताना उलटतो, म्हणजे नकार असेल तर होकार होतो आणि होकार असेल तर नकार. आईच्या हातचं कोणाला आवडत नाही? याचं, आईच्या हातचं सगळ्यांना आवडतं. आणि एवढ्या उन्हात कोण बाहेर जाईल? याचं, एवढ्या उन्हात कोणी बाहेर जाणार नाही. होकारार्थीचं नकारार्थी करताना नुसतं नाही चिकटवलं तर अर्थच उलटा होतो, तर उलटा शब्द पण आणायचा. तो नेहमी वेळेवर येतो, तो कधीच उशिरा येत नाही. नेहमी ला कधीच, वेळेवर ला उशिरा, आणि मग नाही.

बाहेर हाच शब्द कुठे कुठे भेटेल

हिंदी बातमीत नेत्याचं "विवादित बयान" असतं, मराठी पेपरात तेच "वादग्रस्त विधान". पोलिसात देतात तो जबाब, बँकेचं ते स्टेटमेंटच, त्याला कुणी विधान म्हणत नाही. निवेदन या शब्दाला सांभाळा, हिंदीत निवेदन है कि म्हणजे विनंती, मराठीत निवेदन म्हणजे मांडून सांगणं, म्हणून कार्यक्रमात सूत्र सांभाळणारा तो निवेदक. सूचना पण अशीच, हिंदीत माहिती आणि मराठीत असं करा तसं करा. तर्कशास्त्रात विधान म्हणजे जे खरं किंवा खोटं असतं तेच, आपली दुसरी पायरी तिथलीच आहे. आणि ज्यांची मुलं कॉम्प्युटरकडे जातायत त्यांना डिक्लेरेटिव्ह हा शब्द एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते मागायची कॉम्प्युटरची भाषा, शिकताना परत भेटेल, तिथे काय हवंय ते मांडायचं असतं, ते कसं शोधून आणायचं ते मशीन बघतं.

सरावाला पाच वाक्यं

आधी मुलाला सोडवू द्या, मग बघा.

सराफा रात्री उशिरापर्यंत चालू असतो. विधानार्थी, होकारार्थी.

आज नळाला पाणी नव्हतं. विधानार्थी, नकारार्थी, आणि नव्हतं ऐवजी नव्हता लिहिलं असेल तर पाचवी पायरी परत.

खजराण्याच्या गणपतीला कोण जात नाही? रूप प्रश्नार्थी, विधान केलं तर, खजराण्याच्या गणपतीला सगळे जातात.

महेश्वरची बस कुठून सुटते ते बाबांना विचार. यात कुठून आहे म्हणून प्रश्नार्थी लिहितील, पण हे आज्ञार्थी आहे आणि शेवटी टिंब.

महेश्वरची बस कुठून सुटते ते बाबांनी सांगितलं. वरच्यात एकच तुकडा बदललाय, आता खरं का लावून बघा.